घरातलं नेट स्लो आहे? फाईल लवकर उतरवायची तर आधी मोजा, गळती थांबवा आणि पाळी लावा

नाशिक : जेवणं उरकली, भांडी झाली, मुलं झोपली की सूनबाई अभ्यासाला बसतात. मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा अभ्यासक्रम, परीक्षा तोंडावर. पुस्तकाची पीडीएफ डाऊनलोडला लावली तर नुसतं गोल चक्र फिरतंय. नव्वद टक्क्यांवर येऊन फाईल फेल होते आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. तिकडे बाहेरच्या खोलीत टीव्हीवर यूट्यूब, ओट्यावर धाकट्या दिराचा गेम, सासऱ्यांच्या फोनवर कांद्याच्या भावाचे व्हिडिओ. बिल सगळ्यांचं मिळून एकच, नेट मात्र ज्यानं आधी फोन हातात घेतला त्याचं.

दिंडोरीपासून सुरगाण्यापर्यंत आणि निफाडपासून नांदगावपर्यंत हे चित्र कमी-जास्त प्रमाणात बऱ्याच घरांत दिसतं. कुणाचं हॉल तिकीट अडकतं, कुणाचा फॉर्म शेवटच्या दिवशी अपलोड होत नाही, कुणाचा लेक्चरचा व्हिडिओ उतरत नाही. मग उपाय शोधला जातो तो एकच, महागडा प्लॅन. पण बऱ्याच घरांत अडचण प्लॅनची नसते. आहे तेच नेट कुठे गळतंय, हे कुणी बघितलेलं नसतं.

पाटाच्या पाण्याचा हिशोब इथेही लागू

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. बागलाण, मालेगाव भागात मोसम, आरम या नद्यांवर बंधारे बांधून फड पद्धतीनं पाणी वाटायची जुनी रीत आहे. पाटकरी ठरल्या क्रमानं पाणी देतो, जोर करून कुणी आधी घेत नाही. वाघाड धरणाच्या कालव्यावर ओझर परिसरातल्या शेतकऱ्यांनी १९९०च्या दशकात पाणीवापर संस्था चालवून हेच दाखवलं, की पाणी मोजून घेतलं आणि पाळीनं वाटलं तर टेलच्या शेतकऱ्यालाही मिळतं.

घरातलं नेट म्हणजे असाच एक पाट. त्यात येणारं पाणी ठरलेलं आहे. कोणतंही ॲप किंवा सेटिंग ते वाढवू शकत नाही. आपल्या हातात तीन गोष्टी आहेत : मोजणं, गळती थांबवणं आणि पाळी लावणं. याच क्रमानं जाऊ.

१. आधी मोजा

पहिला घोळ आकड्यांचा होतो. कंपनी स्पीड सांगते मेगाबिटमध्ये, म्हणजे एमबीपीएस. फाईलचा आकार असतो मेगाबाइटमध्ये, म्हणजे एमबी. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून प्लॅनच्या आकड्याला आठनं भागायचं.

४० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी उतरणार. १० एमबीपीएस असेल तर सव्वा एमबी. आता ३०० एमबीचा लेक्चरचा व्हिडिओ घ्या. ४० एमबीपीएसला तो एका मिनिटात येईल, १० एमबीपीएसला चार मिनिटं लागतील. त्याच १० एमबीपीएसवर आणखी तिघं जण काही उतरवत असतील आणि वाटा सारखा झाला, तर तुमच्या वाट्याला अडीच एमबीपीएस. म्हणजे सोळा मिनिटं. इथे बिघाड काहीच नाही, वाटणी झालेली आहे.

आता स्पीड टेस्ट करा. ट्रायचं 'मायस्पीड' ॲप मोफत आहे, दुसरं कोणतंही नावाजलेलं ॲप चालेल. टेस्ट तीन वेळा करायची :

पहिली, सकाळी लवकर, राउटरच्या शेजारी उभं राहून, घरातल्या बाकी सगळ्यांचं वाय-फाय बंद करून.
दुसरी, त्याच वेळी, पण जिथे बसून अभ्यास किंवा काम करता त्या खोलीत.
तिसरी, रात्री नऊच्या सुमारास, पुन्हा राउटरच्या शेजारी, बाकीचे फोन बंद ठेवून.

पहिल्या टेस्टला प्लॅनएवढा स्पीड आला आणि दुसऱ्या टेस्टला पडला, तर दोष घरातल्या वाय-फायचा. तिन्ही टेस्ट चांगल्या आल्या आणि तरी रोजच्या वापरात नेट रडतंय, तर दोष गर्दीचा आणि गळतीचा. सकाळी चांगला आणि रात्री घरात कुणी वापरत नसतानाही कमी, तर गर्दी घराबाहेरच्या लाईनवर आहे. सकाळी राउटरजवळच स्पीड मिळत नसेल तर मात्र कंपनीला फोन लावा. ही टेस्ट न करता नवा राउटर घेणं म्हणजे मोटर न तपासता नवी पाईपलाईन टाकण्यासारखं आहे.

२. वाय-फायची गळती

राउटर बहुतेक घरांत टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर नाहीतर दाराजवळ वायर जिथे आत आली तिथेच असतो. वाय-फायची लहर धातूतून आरपार जात नाही. पत्र्याची भिंत, स्टीलचं कपाट, पाण्याची टाकी ही तिची मोठी अडचण. जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी दगडी किंवा मातीच्या भिंतींतही ती बरीच अडते.

राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या वर, उघड्या जागी ठेवा. तेवढ्यानंही दुसऱ्या टेस्टचा आकडा बदलू शकतो. फायबरची बारीक पिवळी किंवा काळी वायर मात्र दुमडू नका, खिळ्याला गुंडाळू नका. आत काचेचा तंतू असतो, घट्ट वळण बसलं तरी सिग्नल पडतो. वायर लांब लागत असेल तर लाईनवाल्यालाच सांगा.

राउटरवर दोन नावं दिसत असतील, एक साधं आणि एक शेवटी '५ जी' लिहिलेलं, तर फरक समजून घ्या. याचा मोबाईलच्या फाईव्ह-जीशी काही संबंध नाही. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगवान असतं पण भिंतीपलीकडे लवकर दमतं. २.४ गिगाहर्ट्झचं हळू असतं पण लांब पोचतं. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ वापरा, दोन भिंतींपलीकडे असाल तर २.४.

घरात कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल आणि त्यावर मोठ्या फाईल उतरवत असाल तर सरळ लॅन केबल लावा. वाय-फायचा प्रश्नच मिटतो.

एक गळती शेजारची. पाहुण्यांना, पोरांच्या मित्रांना दिलेला पासवर्ड हळूहळू गल्लीभर होतो. राउटरच्या मागच्या स्टिकरवर त्याच्या सेटिंगचा पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ब्राऊझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाकला की जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. घरात सहा फोन आणि यादीत अकरा असतील तर पासवर्ड बदला.

३. न दिसणारी गळती

ही सगळ्यात मोठी. फोन खिशात आहे, कुणी काही बघत नाही, तरी नेट चालू आहे.

व्हॉट्सॲप : वाय-फाय मिळालं की ग्रुपवरचे गुड मॉर्निंगपासून कीर्तनापर्यंतचे सगळे व्हिडिओ आपोआप उतरतात. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मीडिया ऑटो-डाऊनलोड इथे जाऊन वाय-फायच्या खालची व्हिडिओ आणि डॉक्युमेंटची खूण काढा. जे हवं ते हातानं दाबून उतरवता येतं.

प्ले स्टोअर : वाय-फाय दिसलं की ॲप अपडेट व्हायला लागतात. प्रोफाईल फोटोवर दाबून सेटिंग्ज, नेटवर्क प्रेफरन्सेस, ऑटो-अपडेट ॲप्स इथे ते बंद करता येतं. पण मग आठवड्यातून एकदा सकाळी स्वतः अपडेट करायला विसरू नका. बँकेची आणि यूपीआयची ॲप जुनी ठेवणं धोक्याचं.

कॉम्प्युटर : विंडोजमध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू केलं की बरेचसे अपडेट थांबून राहतात. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे. ते चालू असेल तर तुमचा कॉम्प्युटर आलेले अपडेट इंटरनेटवरच्या दुसऱ्यांनाही पाठवू शकतो. ते बंद करा.

फोटोंचा बॅकअप : लग्नाचे, यात्रेचे फोटो आणि व्हिडिओ गुगल फोटोजवर चढत असतात. लोक म्हणतात, हे तर अपलोड आहे, त्यानं डाऊनलोड कसं अडेल? अडतं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. फाईल लहान लहान तुकड्यांत येते. तुकडे मिळाले की तुमचा फोन समोरच्या सर्व्हरला पोच पाठवतो. पोच वेळेवर गेली नाही तर सर्व्हर पुढचे तुकडे हळू पाठवतो. ही पोच अपलोडच्याच वाटेनं जाते, आणि बऱ्याच घरगुती लाईनवर, विशेषतः मोबाईल नेटवर, ती वाट डाऊनलोडपेक्षा अरुंद असते. तिथे दोन जीबीचे व्हिडिओ चढत असतील तर पोच रांगेत अडकते आणि डाऊनलोड ठप्प होतं. म्हणून मोठी फाईल उतरवताना घरातल्या सगळ्या फोनचा बॅकअप थांबवा. अनेक घरांचा 'स्लो नेट'चा आजार इथेच असतो.

प्रत्येक ॲपच्या सेटिंगमध्ये शिरायचा कंटाळा असेल तर अँड्रॉइडमध्ये सोपी सोय आहे. वाय-फायच्या नावापुढच्या सेटिंगमध्ये ते नेटवर्क 'मीटर्ड' करा. फोनला वाटतं हा मोजून मिळणारा डेटा आहे, आणि बरीच ॲप पडद्यामागचं काम आवरतात.

४. आता पाळी लावा

गळती थांबल्यावर जे उरतं ते वाटायचं. टीव्हीवरचा यूट्यूब १०८० पिक्सलवर साधारण ५ एमबीपीएस खातो, ४८० वर सव्वा एमबीपीएसच्या आत भागतं. भजन किंवा बातम्या ऐकताना चित्र किती तलम दिसतंय याला फारसा अर्थ नसतो. टीव्हीवर क्वालिटी ४८० ला ठेवली तर १० एमबीपीएसच्या घरात तेवढ्यानंच पावणेचार एमबीपीएस मोकळे होतात.

दुसरं, वेळ. संध्याकाळी सात ते अकरा सगळं गाव नेटवर असतं. फायबर असलं तरी एकच तंतू फाटे फोडून ३२ किंवा ६४ घरांना दिलेला असू शकतो, आणि पुढची लाईन तर सगळ्यांचीच. मोबाईल टॉवरचंही तेच, त्याच्या कक्षेतले सगळे फोन एकाच क्षमतेवर. म्हणून मोठी फाईल रात्री झोपताना लावा किंवा पहाटे पाचला. थ्री-फेजच्या लाईटसाठी रात्री उठून मोटर चालू करणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. इथे तर उठायचीही गरज नाही, फोन चार्जिंगला लावून डाऊनलोड सुरू करून झोपायचं.

तिसरं, आणि खरं महत्त्वाचं, घरात बोलून ठरवा. ज्याची शेवटची तारीख आहे त्याची पाळी आधी. परीक्षेच्या आठवड्यात रात्री नऊ ते दहा अभ्यासाचा तास, तेवढा वेळ टीव्हीवर यूट्यूब नाही, गेमचं अपडेट नाही. बऱ्याच राउटरमध्ये 'क्यूओएस' किंवा 'प्रायॉरिटी' नावाची सोय असते, तिथे एखाद्या फोनला पहिला मान देता येतो. पण घरात ठरलेलं नसेल तर सेटिंग कितीही करा, कुणीतरी ते बदलतंच. आणि घरातल्या घरात टेलला कोण असतं हे आपल्याला माहीत आहे. ज्या बाईला दिवसभरात एकच तास मोकळा मिळतो, तिचाच तास सगळ्यात जास्त गर्दीचा असतो.

५. नव्वद टक्क्यांवर तुटतंय?

स्लो लाईनवर खरा तोटा वेगाचा नसतो, पुन्हा पुन्हा शून्यापासून सुरू करण्याचा असतो. २०० एमबीची फाईल तीनदा ९० टक्क्यांवर तुटली तर ५४० एमबी डेटा गेला आणि हातात काही नाही.

तुटल्यावर लिंक पुन्हा दाबू नका. ब्राऊझरच्या डाऊनलोड यादीत जाऊन 'रिझ्यूम' दाबा. समोरच्या सर्व्हरवर सोय असेल तर फाईल जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते. काही सरकारी आणि शाळा-कॉलेजच्या संकेतस्थळांवर लॉगिनची मुदत संपली की रिझ्यूम होत नाही, तिथे पुन्हा लॉगिन करून लगेच उतरवा. सुरू करण्याआधी फोनमध्ये जागा आहे का बघा आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा, तो काही फोनमध्ये डाऊनलोड मध्येच मारतो. एका वेळी एकच फाईल लावा. पाच फाईल एकत्र लावल्या तर पाचही अर्धवट राहतात.

डाऊनलोड मॅनेजर नावाची ॲप एकाच फाईलचे तुकडे करून एकाच वेळी चार-आठ जोडण्यांनी ओढतात. त्यानं तुमची फाईल लवकर येते हे खरं. पण लाईनवरचा वेग साधारण जोडण्यांच्या हिशोबानं वाटला जातो, म्हणून आठ जोडण्या लावणारा घरातल्या बाकीच्यांचा वाटा ओढतो. रात्री सगळे झोपल्यावर खुशाल वापरा, रात्री नऊला नको.

लाईट जाण्याचा त्रास असेल तर राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा.

६. एकदा उतरवा, सगळ्यांना वाटा

एकाच घरात दोघं, एकाच वस्तीवर दहा जणं तीच फाईल वेगवेगळी उतरवतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये मोफत आहेत. १९८९ साली नाशिकला सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचीही पुस्तकं संकेतस्थळावर मिळतात. वर्गातल्या एकानं चांगलं नेट असलेल्या जागी ती उतरवावी आणि अँड्रॉइडच्या 'क्विक शेअर'नं बाकीच्यांना द्यावी. यात फाईल एका फोनमधून शेजारच्या फोनमध्ये थेट जाते, इंटरनेट लागत नाही. साध्या पेन ड्राइव्हलाही कमी समजू नका.

७. हॉटस्पॉटवर चालणारं घर

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगराळ पाड्यांवर अनेक घरांत एकाच फोनच्या हॉटस्पॉटवर सगळं चालतं. तिथे हॉटस्पॉटचा फोन खिडकीत किंवा जिथे सिग्नलच्या जास्त कांड्या दिसतात तिथे ठेवा, तुम्ही आत बसा. उन्हात ठेवू नका, फोन तापला की वेग पडतो. लॅपटॉपला जोडायचं असेल तर वाय-फायऐवजी चार्जिंगच्या केबलनं 'यूएसबी टेदरिंग' करा.

रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये डेटा संपला की बहुतेक प्लॅनचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं १० एमबीची फाईल उतरायला वीस मिनिटांच्या वर लागतात. तेव्हा झगडत बसू नका. रोजचा कोटा बहुधा रात्री बाराला नव्यानं सुरू होतो. बाराच्या आधी उरलेला डेटा वाया जाणार असेल तर त्यात फाईल उतरवा, संपला असेल तर बारानंतर.

दोष कंपनीचा असेल तर

सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठी किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. त्यापलीकडे तुमच्या प्लॅनमध्ये जे लिहिलंय ते मिळालं पाहिजे. मात्र ठरावीक जीबीनंतर वेग कमी होण्याची अट प्लॅनमध्ये आहे का, हे आधी वाचा. राउटरवर 'लॉस'चा लाल दिवा असेल तर फायबर कुठेतरी तुटली आहे, घरात काही करून उपयोग नाही.

तीन-चार दिवसांच्या स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट ठेवा आणि कंपनीच्या तक्रार केंद्रावर तक्रार नोंदवा. डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, ट्रायच्या २०१२च्या नियमांत ही सोय आहे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वरही दाद मागता येते.

एक सावधगिरी. 'नेट स्पीड बूस्टर' म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईल कधीही टाकू नका. तिनं वेग वाढत नाही, बँक खातं मात्र रिकामं होऊ शकतं. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आजच्या आज काय कराल?

राउटर उघड्या जागी आणा. घरातल्या प्रत्येक फोनमधलं व्हॉट्सॲप ऑटो-डाऊनलोड आणि फोटो बॅकअप बघा. टीव्हीची क्वालिटी ४८० ला ठेवा. आणि रात्री जेवताना एकदा विचारा, या आठवड्यात कुणाचा फॉर्म आहे, कुणाची परीक्षा आहे. एवढ्या चार गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. त्यानंतरही नेट पुरत नसेल, तर मग मोठ्या प्लॅनचा विचार करा.